गाण्यांचा आवाज एका पातळीवर कसा आला? समासात लिहिलेल्या एका आकड्याचा इतिहास

१/
खिशातल्या संगीतयंत्रावर गाणी शफल करून लावली की एक अडचण ठरलेली असते. जुने नाट्यपद इतके मंद वाजते की आवाज वाढवावा लागतो, आणि लगेच पुढे आलेले नवे चित्रपटगीत कानठळ्या बसवते. आज बहुतेक ॲप ही दरी आपोआप बुजवतात. ती कशी बुजते, त्यासाठी शंभर वर्षांत कोणते मार्ग शोधले गेले आणि त्यांतील कोणत्या मार्गाने मूळ मुद्रण शाबूत राहिले, याविषयी आजचा धागा.

२/
आरंभी गाण्याची पातळी ठरत असे ती गायकाच्या उभे राहण्याच्या अंतरावरून. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गने कोलकात्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यासमोर गायचे; कर्ण्याच्या टोकाशी पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखाली मेणाची तबकडी. स्वर दमदार असेल तर खाचेची नागमोड ठळक उमटे, क्षीण असेल तर ती सळसळीत हरवून जाई. पातळी सांभाळण्याचे साधन एकच होते: गायकाला पुढे ओढणे किंवा मागे सारणे.

३/
१९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि स्वराचे रूपांतर विद्युतदाबात झाले. आता पातळी बटणाने कमीजास्त करता येऊ लागली, म्हणून ती मोजणेही आवश्यक ठरले. डेसिबल हे एकक याच दशकात अमेरिकेतील दूरध्वनी अभियंत्यांनी रूढ केले. १९३९ मध्ये बेल प्रयोगशाळा आणि एनबीसी व सीबीएस या नभोवाणी कंपन्यांनी मिळून व्हीयू मीटर सिद्ध केला. त्याची सुई हेतुपुरस्सर संथ ठेवलेली होती. तिला आपल्या जागी पोहोचायला सुमारे ३०० मिलिसेकंद लागत. क्षणिक ठोका ती टिपत नसे. आवाजाची साधारण सरासरी दाखवीत असे.

४/
परंतु विद्युतदाब म्हणजे कानाला जाणवणारा मोठेपणा नव्हे. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन या बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९३३ मध्ये हे आलेखांनी दाखवून दिले. मानवी कान तीन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक तीक्ष्ण असतो. खर्जाचा स्वर तितकाच मोठा जाणवायचा असेल तर त्याला कितीतरी अधिक ऊर्जा लागते. झांज आणि डग्गा यांची ऊर्जा यंत्रावर सारखी भरली, तरी कानाला झांजच पुढे वाटते. पुढील सर्व मोजमापांचा पाया या शोधात आहे.

५/
दरम्यान, मोठ्या आवाजाला बाजारात किंमत आली होती. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली आणि ती अमेरिकेतील ज्यूकबॉक्समध्ये स्थिरावली. ज्यूकबॉक्सचे बटण उपाहारगृहाच्या मालकाच्या हाती असे. ते एकदा लावले की सर्व तबकड्या त्याच पातळीवर वाजत. साहजिकच जिची खाच अधिक जोरकस, तिच्याकडे लक्ष आधी जाई. मात्र रुंद नागमोडीची खाच जागा जास्त खाते, मुद्रणाचा वेळ घटतो आणि सुई उडते. तबकडीच्या स्वरूपानेच या हव्यासाला लगाम घातला होता.

६/
१ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन जपानमध्ये विक्रीस आला आणि संगीत माणसाबरोबर चालू लागले. तरीही आजचा प्रश्न तेव्हा तितका टोचत नव्हता, कारण एका कॅसेटवर बहुधा एकाच संचाची गाणी असत. निवडक गाण्यांची कॅसेट भरायची झाली तर मात्र तो उद्भवे. कॅसेटवर गाणी भरून देणारी दुकाने आपल्याकडेही गल्लोगल्ली होती. दुकानदार सुईवर किंवा लुकलुकणाऱ्या दिव्यांवर नजर ठेवून प्रत्येक गाण्याची पातळी हाताने जुळवी. समतोल राखण्याचे हे काम नक्कल करताना, माणसाच्या अंदाजाने होत असे.

७/
ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये सीडी बाजारात आली. तिच्यात ध्वनी आकड्यांत साठवला जातो: सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्यासाठी ६५,५३६ संभाव्य पायऱ्या. सर्वांत वरची पायरी म्हणजे छत. त्यापलीकडे आकडाच नाही. छताखाली सुमारे ९६ डेसिबलचा अवकाश मोकळा होता, इतका की कुजबुज आणि गर्जना एकाच चकतीवर सुखाने नांदाव्यात. सुरुवातीच्या अनेक सीडींमध्ये ध्वनी छतापासून बराच खाली ठेवलेला आढळतो. सुई उडण्याचे भय आता उरले नव्हते. म्हणजेच जुना लगामही उरला नव्हता.

८/
१९९४ मध्ये वेव्ह्ज या इस्रायली कंपनीने एल-१ नावाचा डिजिटल लिमिटर आणला. त्याची युक्ती साधी होती. येणारा ध्वनी तो किंचित आधी पाहतो, छताला धडकू पाहणारा ठोका तेवढ्यापुरता दाबतो, आणि मग सगळेच गाणे वर उचलतो. सर्वोच्च बिंदू जिथल्या तिथे राहतो. सरासरी मात्र चढते. कान मोठेपणा ठरवतो तो मुख्यत्वे सरासरीवरून. त्यामुळे सीडीच्या नियमांचा भंग न करता गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा मोठे करता येऊ लागले.

९/
हे करावेसे का वाटावे? दोन मुद्रणे लागोपाठ ऐकवली, तर किंचित मोठे वाजणारे मुद्रण बहुतेकांना अधिक ‘चांगले’ वाटते. फरक निव्वळ पातळीचा असला तरीही. पालखी पाहायला जमलेल्या गर्दीत पुढच्याने टाचा उंचावल्या की मागच्यालाही उंचवाव्या लागतात, आणि शेवटी सगळेच टाचांवर उभे राहतात. जास्त कोणालाच दिसत नाही. १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रण व्यवसायाचे नेमके हेच झाले. ओएसिस या ब्रिटिश वाद्यवृंदाचा १९९५ मधील अल्बम या चढाओढीतील ठळक टप्पा मानला जातो. पुढे तिला ‘लाउडनेस वॉर’ असेच नाव पडले.

१०/
या चढाओढीत काय गमावले? ठोक्याची धार. तबल्यावरची थाप ऐकू येते ती तिच्या आधीच्या शांततेमुळे. थाप दाबली आणि शांतता उचलली, की दोन्ही एकाच उंचीवर येतात आणि ऐकणारा थोड्याच वेळात थकतो. संगणकाच्या पडद्यावर अशा गाण्याचा आलेख पाहिला तर डोंगरदऱ्यांऐवजी सपाट विटेसारखा ठोकळा दिसतो. मुद्रणातून एकदा छाटून टाकलेली शिखरे नंतर परत आणता येत नाहीत.

११/
याच काळात जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत विकसित झालेले एमपीथ्री तंत्र लोकांच्या हाती आले. १९९८ मध्ये पहिली एमपीथ्री यंत्रे विक्रीस आली; त्यांपैकी रिओ पीएमपी-३०० मध्ये अवघी ३२ मेगाबाइट जागा होती. ऑक्टोबर २००१ मध्ये ५ गिगाबाइटचा आयपॉड आला आणि हजार गाणी खिशात मावू लागली. आता ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून उतरवलेले गाणे, १९८५ ची सीडी आणि कालचे लिमिटरने फुगवलेले गीत शफलच्या कृपेने एकामागून एक येऊ लागले. दुकानदाराचा हात आता मध्ये नव्हता.

१२/
पहिला सुचलेला उपाय होता ‘पीक नॉर्मलायझेशन’चा: प्रत्येक गाण्यातील सर्वोच्च बिंदू शोधायचा आणि तो छताला टेकेपर्यंत गाणे उचलायचे. वरवर न्याय्य वाटणारा हा उपाय फसतो. जुन्या तबकडीवरील एखादी खरखर क्षणभर छताला टेकते, म्हणून तिच्या खालचे सगळे गायन खालीच राहते. नव्या गीताचा सर्वोच्च बिंदू तोच, परंतु त्याची सरासरी छताला चिकटलेली. मोजपट्टीवर दोन्ही गाणी सारखी ठरतात आणि कानाला त्यांच्यात दहा डेसिबलहून अधिक अंतर जाणवू शकते. दहा डेसिबल म्हणजे ऐकणाऱ्याला साधारण दुप्पट मोठेपणा.

१३/
या कोंडीवर २००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी ‘रिप्लेगेन’ नावाचा प्रस्ताव मांडला. त्याची रीत अशी: प्रथम गाणे अशा गाळणीतून न्यायचे, जी कानाप्रमाणेच खर्जाला कमी आणि मधल्या पट्टीला अधिक वजन देते. येथे १९३३ चे संशोधन कामी आले. मग गाण्याचे ५० मिलिसेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याची ऊर्जा काढायची आणि सर्व तुकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायचे. ९५ टक्के तुकडे ज्याच्या खाली पडतात, तो आकडा म्हणजे त्या गाण्याचा मोठेपणा.

१४/
सरळ सरासरी न घेता ९५ टक्क्यांची रेषा का घेतली, हेही समजण्याजोगे आहे. गाणे किती मोठे आहे हे आपण त्यातील शांत जागांवरून ठरवत नाही. त्याच्या भरात आलेल्या भागावरून ठरवतो. साध्या सरासरीत प्रत्येक विराम गाण्याला उगाच ‘लहान’ ठरवतो. उलट सर्वोच्च तुकडाच धरला तर पुन्हा एका खरखरीच्या हाती न्याय जातो. ९५ ची रेषा या दोन टोकांच्या मध्ये बसते.

१५/
रॉबिन्सन यांच्या प्रस्तावातील खरी महत्त्वाची गोष्ट मात्र पुढची आहे. मोजून आलेला आकडा, समजा उणे ८.५ डेसिबल, गाण्याच्या ध्वनीत मिसळायचा नाही. गायकाचे नाव, वर्ष, अल्बम जिथे नोंदवतात, त्या टॅगमध्ये तो लिहून ठेवायचा. वाजवताना यंत्राने तो वाचावा आणि तेवढा आवाज कमी करावा. पोथीच्या मूळ संहितेला हात न लावता समासात टीप लिहावी, तसा हा प्रकार. टीप नको असेल तर वाचू नये. चुकली असेल तर नवी लिहावी. संहिता जशीच्या तशी राहते.

१६/
अडचण अशी की स्वस्त यंत्रांना समास वाचता येत नसे. त्यासाठी ‘एमपीथ्रीगेन’ हे मोफत सॉफ्टवेअर लोकप्रिय झाले. एमपीथ्री फाइल छोट्या चौकटींची बनलेली असते आणि त्या चौकटींमध्ये एकूण पातळी सांगणारे मूल्य नोंदलेले असते. हे सॉफ्टवेअर प्रत्येक चौकटीतील ते मूल्यच बदलते, दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी. ध्वनी पुन्हा दाबला जात नाही, म्हणून गुणवत्ता घटत नाही, आणि कोणतेही यंत्र बदललेल्या पातळीवर वाजवते. हा बदल उलटवताही येतो. परंतु किती बदल केला याची नोंद हरवली, तर मूळ पातळी कोणती होती हे सांगणारा कोणी उरत नाही.

१७/
जुलै २००२ मध्ये ॲपलने आयट्यून्सच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘साउंड चेक’ ही सोय दिली. तिचे गणित वेगळे होते, पण तत्त्व समासातल्या टिपेचेच. दुसरीकडे, यंत्रांमधील मूळ प्रणालीच्या जागी बसवता येणारी ‘रॉकबॉक्स’ ही स्वयंसेवकांनी घडवलेली प्रणाली रिप्लेगेन वाचू लागली. याच सुमारास एक तक्रार सार्वत्रिक झाली: ‘समतोल चालू केला की सगळेच मंद वाजते.’ मंद गाणी वर उचलली तर त्यांची शिखरे छताला धडकून फाटतात. म्हणून मोठी गाणी खाली आणावी लागतात. रॉबिन्सन यांनी मूळ संदर्भ चित्रपटगृहांतील ८३ डेसिबलचा घेतला होता. प्रत्यक्षात ८९ रूढ झाला, तो या तक्रारीपोटीच.

१८/
रिप्लेगेनमध्ये प्रत्येक गाण्यासाठी दोन आकडे असतात: एक त्या गाण्यापुरता, दुसरा संपूर्ण अल्बमचा. हा भेद आपल्या संगीताच्या श्रोत्याने अवश्य ध्यानी घ्यावा. एका रागाचे मुद्रण पुष्कळदा आलाप, बडा ख्याल आणि छोटा ख्याल अशा तीन फाइलींत विभागलेले असते. प्रत्येकीला स्वतंत्र आकडा लावला तर गायकाने जाणूनबुजून हळुवार ठेवलेला आलाप उचलला जातो आणि द्रुत लयीतील भर खाली ओढला जातो; दोघांतला चढ नाहीसा होतो. अल्बमचा आकडा तिन्हींना सारखाच लागू होतो आणि आतला चढउतार राखतो. यंत्रात हा पर्याय असल्यास रागसंगीतासाठी तोच निवडावा.

१९/
नभोवाणी आणि दूरचित्रवाणीचे दुखणेही हेच होते. तेथे गाण्याच्या जागी जाहिरात होती. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मोठेपणा मोजण्याची बीएस १७७० ही जागतिक रीत ठरवली. ऑगस्ट २०१० मध्ये युरोपीय प्रसारकांनी आर १२८ ही शिफारस काढून उणे २३ ही पातळी निश्चित केली. पुढच्या वर्षी मूळ रीतीत सुधारणा झाली आणि शांत भाग मोजणीतून वगळले जाऊ लागले. अमेरिकेत डिसेंबर २०१० मध्ये जाहिरातींच्या आवाजाविषयी कायदाच झाला. भारतात जाहिरात अतिरेकी मोठ्या आवाजाची नसावी, हे १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांतच लिहिलेले होते. पण अतिरेक कोठे सुरू होतो हे सांगणारा आकडा त्या वाक्यात नव्हता. मोजपट्टीवाचून नियम पाळून घेणे किती अवघड, हे यावरून दिसते.

२०/
२००८ मध्ये लाउडनेस वॉरचा प्रश्न सामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचला. मेटॅलिका या अमेरिकी वाद्यवृंदाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम सप्टेंबरमध्ये आला. तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेमसाठीही दिली गेली होती, आणि गेममधील आवृत्ती सीडीपेक्षा कमी दाबलेली निघाली. चाहत्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले आणि सीडी नव्याने तयार करावी, अशा विनंतीवर हजारोंनी नावे घातली. एकाच मुद्रणाच्या दोन प्रती समोरासमोर ठेवून केलेली ही चिकित्सा पाठभेद पाहणाऱ्या संशोधकाला परकी वाटणार नाही.

२१/
निर्णायक वळण आले ते वाजवण्याच्या टोकाकडून. २०१३ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स रेडिओवर साउंड चेक कायम चालू ठेवण्यात आले, तेव्हा मास्टरिंग अभियंता बॉब कॅट्झ यांनी युद्ध जिंकल्याची घोषणा केली. पुढे स्पॉटिफायने साधारण उणे १४ आणि ॲपल म्युझिकने उणे १६ ही पातळी ठेवली. याचा अर्थ असा, की उणे ८ पर्यंत फुगवलेले गाणे स्पॉटिफायवर सरळ ६ डेसिबलने खाली येते. छाटलेली शिखरे तर गेलीच, वर मोठेपणाचा लाभही मिळत नाही. टाचा उंचावून काही दिसत नाही हे एकदा पक्के झाले की गर्दी आपोआप पाय टेकू लागते. सवय पूर्ण सुटलेली नाही, पण तिचे व्यावसायिक कारण लंगडे झाले आहे.

२२/
समतोल आणि मर्यादा या दोन गोष्टींची गल्लत मात्र करू नये. समतोल गाण्यागाण्यांतील अंतर मिटवतो. कानात प्रत्यक्ष किती डेसिबल जावेत हे ठरवत नाही. ते काम कायद्याने केले. फ्रान्सने खिशातील यंत्रांना १०० डेसिबलची मर्यादा घातली होती आणि २००२ मध्ये आयपॉडलाही त्यानुसार बदलावे लागले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बजावले की असुरक्षित ऐकण्याच्या सवयींमुळे १.१ अब्ज तरुणांच्या श्रवणशक्तीला धोका आहे. समतोलाचा येथे अप्रत्यक्ष लाभ आहेच: मंद गाण्यासाठी वाढवलेले बटण पुढच्या गाण्यात कानावर आदळत नाही.

२३/
आता या इतिहासातून हाती काय घ्यावे? आज घरोघरी आजोबांच्या काळातील कॅसेट संगणकावर उतरवल्या जात आहेत: कीर्तने, नाट्यपदे, लग्नातली मंगलाष्टके, कोणाचा तरी आता न उरलेला आवाज. उतरवताना ‘आवाज फार बारीक आहे’ म्हणून लिमिटर लावून फुगवण्याचा मोह होतो, आणि मग मूळ फाइल पुसली जाते. ती फुगवलेली प्रत पुढच्या पिढीसाठी एकमेव साधन ठरते. मुद्रणात माणूस माइकपासून किती दूर बसला होता, कोठे थांबला, कोठे त्याचा आवाज चढला, ही माहिती पातळीच्या चढउतारात असते. छाटणीत तीच आधी जाते.

२४/
म्हणून विनंती एवढीच. कॅसेट उतरवताना वर थोडा अवकाश मोकळा सोडा आणि ती पहिली फाइल जशी आहे तशी जपा. ऐकण्याच्या सोयीसाठी रिप्लेगेनचा आकडा टॅगमध्ये लिहा. यंत्र समास वाचत नसेल तर वेगळी प्रत काढून तिच्यावर हवे ते प्रयोग करा. त्याच टॅगमध्ये मुद्रणाचे वर्ष, गाव आणि कोणाचा आवाज आहे हेही नोंदवा. तुमच्याकडे असे जुने मुद्रण असेल तर कोणत्या काळातले आणि कशावर केलेले आहे, हे खाली अवश्य लिहा. (धागा समाप्त)